रक्तातील किण्व : जाती ओळखल्यावाचून औषध नाही

रक्तात जिवाणू शिरले की रुग्णाची अवस्था गंभीर होते, हे वैद्यकाशी दुरून संबंध असलेल्या माणसासही ठाऊक असते. परंतु रक्तात बुरशी, त्यातही एकपेशीय बुरशी म्हणजे किण्व अथवा यीस्ट, शिरू शकते आणि तसे झाल्यास जिवाणूंच्या संसर्गाइतकाच, किंबहुना काही वेळा त्याहून मोठा घात होतो, ही जाणीव आपल्या व्यवसायबंधूंमध्ये अद्याप पुरेशी रुजलेली नाही. तोंडातील पांढरा थर, योनिमार्गातील कंडू, मधुमेही रुग्णाच्या जांघेतील चट्टे ही कँडिडाची ओळख आपल्याला आहे. रक्तातील कँडिडा हा मात्र सर्वस्वी निराळा विषय आहे.

हा विषय अतिदक्षता विभागाचा आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांचा. त्याची चर्चा आपल्या त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याची कारणे तीन आहेत. पहिले असे की, महाराष्ट्रातील अनेक खासगी रुग्णालयांत रात्रपाळीचे निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून आपलेच बी.ए.एम.एस. पदवीधर काम करतात. प्रयोगशाळेचा दूरध्वनी मध्यरात्री येतो तेव्हा तो बहुधा त्यांनाच घ्यावा लागतो. दुसरे असे की, अशा रुग्णांचे नातेवाईक 'रक्तातील बुरशीवर आयुर्वेदात काही आहे का' असे विचारत आपल्या दवाखान्यात येतात आणि त्यांना आपण दिलेले उत्तर रुग्णाच्या जिवाशी निगडित असते. तिसरे असे की, आपले फार्मसीधारक आसव-अरिष्टांच्या निमित्ताने किण्वाशी नित्य व्यवहार करतात. तरीही आपल्या संधानपात्रात नेमके कोणते किण्व काम करीत आहे, हे फारच थोड्यांना सांगता येईल.

प्रस्तुत लेखात माझे म्हणणे एवढेच आहे की, रक्तातील किण्वाची जाती ओळखणे व त्या जातीवर कोणते औषध चालते हे तपासणे, ही केवळ प्रयोगशाळेची औपचारिकता नव्हे. आपल्या शास्त्राने औषधाच्या आधी ज्या रोगपरीक्षेस स्थान दिले, तिचेच हे आजचे रूप आहे. त्याकडे 'परक्यांचा विषय' म्हणून पाहणे आपल्याला शोभणारे नाही.

एक प्रजाती, अनेक स्वभाव

कँडिडा हे प्रजातीचे नाव झाले. तिच्यातील जाती पुष्कळ आहेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकींशी जुळत नाहीत. पाश्चात्त्य ग्रंथांत रक्तसंसर्गाचे प्रमुख कारण म्हणून दीर्घकाळ कँडिडा अल्बिकन्सचे नाव घेतले गेले. भारतातील चित्र निराळे आहे. सन २०११-१२ मध्ये देशातील २७ अतिदक्षता विभागांत झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रक्तातील कँडिडा-संसर्गाचे १४०० रुग्ण नोंदले गेले. त्यांत कँडिडा ट्रॉपिकॅलिसचे प्रमाण ४१.६ टक्के, तर अल्बिकन्सचे केवळ २०.९ टक्के होते. विभागात दाखल होणाऱ्या दर हजार रुग्णांमागे साडेसहा रुग्णांना हा संसर्ग झाला आणि त्यांपैकी ४४.७ टक्के रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावले. हे मृत्यू सर्वस्वी कँडिडामुळेच झाले असे म्हणता येत नाही, कारण हे रुग्ण मुळातच अत्यवस्थ असतात. तथापि शंभरातील चव्वेचाळीस हा आकडा कोणाही चिकित्सकास अस्वस्थ करणारा आहे.

जातीनुसार स्वभाव कसा पालटतो, हे पाहण्याजोगे आहे. ट्रॉपिकॅलिस ही जाती रक्तातील श्वेतपेशी घटलेल्या रुग्णांत विशेष आढळते. पॅराप्सिलोसिस ही हातांवर वास करते, शिरेतील नलिकेवर थर धरून बसते आणि नवजात बालकांना तसेच शिरेवाटे पोषण घेणाऱ्या रुग्णांना उपद्रव देते. क्रुसेई या जातीवर फ्लुकोनाझोल जन्मतःच चालत नाही. ग्लाब्राटा हिच्यावर ते चाललेच तर मोठ्या मात्रेत चालते. क्रिप्टोकॉकस व ट्रायकोस्पोरॉन ही कँडिडाबाहेरची किण्वे. त्यांच्यावर कॅस्पोफंगिन, मायकाफंगिन इत्यादी एकायनोकॅन्डिन वर्गातील औषधे निरुपयोगी ठरतात, जरी कँडिडाच्या रक्तसंसर्गात आज प्रारंभीची निवड म्हणून हीच औषधे दिली जातात. ऱ्होडोटोरुला नावाच्या गुलाबी किण्वावर तर फ्लुकोनाझोलही चालत नाही आणि एकायनोकॅन्डिनही चालत नाहीत.

थोडक्यात, 'रक्तात यीस्ट सापडले' एवढे वाक्य चिकित्सेच्या दृष्टीने अर्धेच आहे. 'ज्वर आहे' असे सांगून थांबणाऱ्या, पण तो कोणत्या दोषाचा, साम की निराम, हे न सांगणाऱ्या विद्यार्थ्यास आपण जसे उत्तीर्ण करणार नाही, तसेच हेही.

आणखी एक अडचण अलीकडे निर्माण झाली आहे. शास्त्रज्ञांनी नव्या आनुवंशिक माहितीच्या आधारे काही जातींची नावे बदलली आहेत. कँडिडा ग्लाब्राटा आता नाकासेओमायसिस ग्लाब्राटस झाली, कँडिडा क्रुसेई ही पिचिया कुड्रियावझेव्ही झाली आणि कँडिडा ऑरिसला २०२४ मध्ये कँडिडोझायमा ऑरिस हे नाव मिळाले. अहवालात अनोळखी नाव दिसले म्हणून ते निरुपद्रवी समजू नये. जुने नाव कोणते, हे प्रयोगशाळेस विचारण्यात कमीपणा नाही.

प्रयोगशाळेत काय घडते

रक्ताचे नमुने बाटल्यांत घालून यंत्रात ठेवतात. वाढ दिसू लागण्यास बहुधा एक ते तीन दिवस लागतात. शरीरात कँडिडाचा खोल संसर्ग असूनही रक्तसंवर्धन सुमारे निम्म्या वेळाच सकारात्मक येते. म्हणून अहवाल नकारात्मक आला याचा अर्थ संसर्ग नाही असा होत नाही. उलट एकाही बाटलीत किण्व वाढले, तर ते 'बाहेरून मिसळले असेल' म्हणून सोडून द्यावयाचे नसते. त्वचेवरील काही जिवाणूंच्या बाबतीत तशी मुभा असते, किण्वाच्या बाबतीत ती नाही. हा नियम रात्रपाळीच्या प्रत्येक डॉक्टरने मनावर कोरून ठेवावा.

बाटलीत वाढ दिसताच त्यातील थेंबाचे ग्रॅम-रंजन केले जाते. त्यात अंकुर फुटलेल्या पेशी दिसल्या की प्रयोगशाळा लगेच कळवते. पुढे जाती ओळखण्याच्या पायऱ्या सुरू होतात. सर्वांत जुनी व स्वस्त कसोटी म्हणजे अंकुरनलिका-चाचणी. किण्व रक्तद्रवात ३७ अंश सेल्सियसला दोन ते तीन तास ठेवले असता अल्बिकन्स व तिची जवळची भगिनी डब्लिनिएन्सिस यांना लांब नलिका फुटते, इतरांना फुटत नाही. रंगद्रव्ययुक्त माध्यमावर अल्बिकन्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस निळी व क्रुसेई गुलाबी, खडबडीत दिसते. साध्या प्रयोगशाळेतही या दोन कसोट्या सहज होऊ शकतात. त्यापुढे स्वयंचलित जैवरासायनिक यंत्रे आहेत. मोठ्या केंद्रांत प्रथिनांच्या वस्तुमानावरून काही मिनिटांत जाती सांगणारे 'माल्डी-टॉफ' हे यंत्र असते. शंका राहिल्यास जनुकक्रम वाचला जातो.

या सर्व खटाटोपास वेळ लागतो आणि तो रुग्णाजवळ नसतो. अमेरिकेतील चार केंद्रांतील रुग्णांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या दिवशी सकारात्मक ठरलेला नमुना घेतला, त्याच दिवशी फ्लुकोनाझोल सुरू झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण १५ टक्के होते. दुसऱ्या दिवशी सुरू झालेल्यांत ते २४, तिसऱ्या दिवशी ३७ आणि त्याहून उशीर झालेल्यांत ४१ टक्के होते. म्हणून आजची रीत अशी की, किण्व दिसताच प्रथम व्यापक परिणामाचे औषध सुरू करावयाचे आणि जाती व संवेदनशीलता कळल्यावर त्यात योग्य तो बदल करावयाचा. औषध लवकर सुरू करणे व ओळख अचूक पटविणे या गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. पहिलीमुळे रुग्ण तगतो, दुसरीमुळे तो बरा होतो.

ऑरिसचा धडा

ओळख चुकली तर काय होते, याचे ठळक उदाहरण कँडिडा ऑरिसचे आहे. सन २००९ मध्ये जपानमध्ये एका वृद्ध स्त्रीच्या कानातील स्रावातून ही जाती प्रथम वर्णिली गेली. 'ऑरिस' या लॅटिन शब्दाचा अर्थ कान. २०१३ मध्ये दिल्लीतील संशोधकांनी रक्तसंसर्गाचे रुग्ण वर्णिले. त्या काळातील स्वयंचलित यंत्रे हिला कँडिडा हेम्युलोनिआय अथवा दुसऱ्याच एखाद्या जातीच्या नावाने ओळखत, कारण त्यांच्या संग्रहात ही जाती नव्हतीच. परिणामी नवी, औषधांना दाद न देणारी व एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरणारी जाती खोट्या नावाने वावरत राहिली. वर उल्लेखिलेल्या २७ विभागांतील नमुने पुन्हा तपासले असता १९ ठिकाणी ती आढळली. एकूण संसर्गांत तिचा वाटा ५.३ टक्के होता. २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तिच्याविषयी इशारा प्रसृत केला आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या १९ बुरशींच्या यादीत तिला सर्वोच्च प्राधान्याच्या चौघींत स्थान मिळाले.

कोविडच्या काळात, एप्रिल ते जुलै २०२० या अवधीत, दिल्लीतील एका अतिदक्षता विभागात रक्तातील कँडिडा-संसर्गाच्या १५ रुग्णांपैकी दहा जणांत ऑरिस निघाली आणि त्या दहांपैकी सहा दगावले. ही जाती खाटेचे कठडे, रक्तदाबमापकाचा पट्टा, रुग्णाची त्वचा यांवर दीर्घकाळ टिकते. सर्वत्र वापरली जाणारी काही जंतुनाशके तिच्यावर पुरेशी चालत नाहीत, क्लोरिनयुक्त द्रावणे चालतात. अर्थात जातीचे नाव कळले की केवळ औषध बदलत नाही. रुग्णास वेगळे ठेवावे लागते, फरशी पुसण्याचे द्रावण बदलावे लागते आणि शेजारच्या खाटांवरील रुग्णांची तपासणी करावी लागते.

संवेदनशीलतेचा अहवाल कसा वाचावा

अहवालात प्रत्येक औषधासमोर 'एम.आय.सी.' म्हणून एक आकडा असतो. किण्वाची वाढ रोखण्यास लागणारी औषधाची किमान मात्रा, असा त्याचा अर्थ. ती मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या मापात देतात. येथे एक चूक हमखास होते. वाचणारा निरनिराळ्या औषधांसमोरील आकडे एकमेकांशी ताडून पाहतो आणि ज्याचा आकडा लहान ते औषध चांगले, असे समजतो. हे सर्वथा चुकीचे आहे. अमेरिकी मानकांनुसार अल्बिकन्ससाठी फ्लुकोनाझोलचा २ हा आकडा संवेदनशीलता दाखवितो, ८ व त्यावरील आकडा प्रतिकार दाखवितो. तोच २ हा आकडा ऑरिसच्या अहवालात ॲम्फोटेरिसिन-बीसमोर असेल, तर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तात्पुरत्या निकषांनुसार तो प्रतिकार समजला जातो. आकडा एकच, परंतु जाती व औषध बदलताच अर्थ उलटा होतो. क्रुसेईच्या बाबतीत तर फ्लुकोनाझोलसमोर कोणताही आकडा आला तरी ते औषध द्यावयाचे नसते.

आपल्याला हे अवघड वाटू नये. एकाच द्रव्याचा गुण देश, काल, प्रकृती व मात्रा यांनुसार पालटतो, हे शिकतच आपण वाढलो. जातीचे नाव नसलेला एम.आय.सी.चा आकडा म्हणजे अनुपान व मात्रा न लिहिलेली चिठ्ठी होय.

रक्तज क्रिमी आणि कँडिडा

आता आपल्या घरातील एका सवयीविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. आधुनिक शास्त्राने एखादा सूक्ष्मजीव दाखविला की 'हे आमच्या ग्रंथांत पूर्वीच आहे' असे म्हणण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांना होतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात रक्तज क्रिमींचे वर्णन असून ते सूक्ष्मतेमुळे डोळ्यांना दिसत नाहीत, असेही तेथे सांगितले आहे. एवढ्यावरून रक्तज क्रिमी म्हणजेच कँडिडा, असे समीकरण मांडलेले मी व्याख्यानांत ऐकले आहे.

मूळ संदर्भ पाहिला तर काय दिसते? केशाद, लोमाद, औदुंबर इत्यादी नावांचे ते क्रिमी केस व लोम यांचा नाश, कंडू, त्वचा-मांसादिकांचा ऱ्हास अशा लक्षणांशी व कुष्ठाशी जोडलेले आहेत. शिरेत नलिका असलेल्या, प्रतिजैविकांचे अनेक फेरे झालेल्या रुग्णाच्या थंडी-तापाशी त्यांचा मेळ बसत नाही. दिसत नसलेले सजीव रोगास कारण होऊ शकतात, ही कल्पना त्या काळी मांडली गेली याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्या कल्पनेच्या आधारे कुष्ठातील क्रिमिघ्न योग आजच्या रक्तसंसर्गास लागू करणे हा चरकाचा आदर नव्हे. ज्या आचार्यांनी हेतू व लक्षणांची इतकी बारीक विभागणी केली, त्यांच्या नावाने आपण ढोबळपणा करावा, हे योग्य नाही.

काचेच्या बशीतील वलय आणि रुग्णाचे रक्त

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. लसूण, हळद, निंब, दारुहळद, लवंग, त्रिफळा यांच्या अर्कांनी प्रयोगशाळेत कँडिडाची वाढ रोखल्याचे शेकडो निबंध प्रसिद्ध झाले आहेत. मग ही द्रव्ये रक्तसंसर्गात का वापरू नयेत?

याचे उत्तर एम.आय.सी.च्याच भाषेत देता येते. औषध उपयोगी पडण्यासाठी रुग्णाच्या रक्तातील त्याची पातळी त्या किण्वाच्या एम.आय.सी.शी योग्य प्रमाण राखणारी असावी लागते. फ्लुकोनाझोल तोंडावाटे घेतले तरी नव्वद टक्क्यांहून अधिक शोषले जाते आणि रक्तात कित्येक मायक्रोग्रॅमची पातळी गाठते. हळदीतील कुर्क्युमिन काही ग्रॅम घेतले तरी रक्तात त्याची पातळी नॅनोग्रॅमच्या घरात राहते. बशीतील वलय पाडण्यास लागणारी मात्रा मात्र त्याच्या कितीतरी पट असते. ती पातळी रक्तात गाठता येत नसेल, तर बशीतील वलय रुग्णाच्या कामाचे नाही. त्वचेवरील वा तोंडातील विकारांत द्रव्य प्रत्यक्ष त्या स्थानी लागते. तेथे या द्रव्यांना वाव आहे आणि तेथील आपला अनुभव मोलाचा आहे. रक्ताचा हिशेब वेगळा आहे.

या संदर्भात महाराष्ट्रातील एक इतिहास आठवण्याजोगा आहे. पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या, पिंपरीचेच नाव धारण करणाऱ्या सूक्ष्मजीवापासून 'हॅमायसिन' हे बुरशीनाशक शोधले. ते कँडिडावर प्रभावी होते. तरीही त्याचा उपयोग मुख्यत्वे स्थानिक संसर्गांपुरता राहिला, कारण तोंडावाटे ते पुरेसे शोषले जात नव्हते. शोध लावणाऱ्यांनी ही मर्यादा लपविली नाही, म्हणून त्या शोधाची प्रतिष्ठा टिकली. आपल्या द्रव्यांवर संशोधन करणाऱ्यांनी हाच आदर्श ठेवावा. केवळ वलय मोजून न थांबता मान्य पद्धतीने द्रव-माध्यमात एम.आय.सी. काढावी. पॅराप्सिलोसिस एटीसीसी २२०१९ व क्रुसेई एटीसीसी ६२५८ हे नियंत्रक वाण सोबत ठेवावेत. तपासलेल्या किण्वाची जाती नि:संशय ओळखलेली असावी. पदव्युत्तर प्रबंधांत एवढे पथ्य पाळले गेले, तर आपल्या निष्कर्षांकडे कोणासही दुर्लक्ष करता येणार नाही.

फार्मसीधारकांसाठी

धायटीच्या फुलांवरील व गुळातील नैसर्गिक किण्वांच्या बळावर आपली अरिष्टे सिद्ध होतात. हे किण्व बहुधा उपकारक असते. परंतु 'अन्नातील किण्व निरुपद्रवीच' हे गृहीत धरता येत नाही. फळांवर व आंबविलेल्या पदार्थांत आढळणारे पिचिया अनोमाला हे किण्व घ्या. एप्रिल १९९६ ते फेब्रुवारी १९९८ या काळात उत्तर भारतातील एका मोठ्या रुग्णालयाच्या बालविभागात त्याने ३७९ नवजात शिशू व बालकांना ग्रासले. ते पसरले कर्मचाऱ्यांच्या न धुतलेल्या हातांवरून. हात धुण्याची मोहीम राबविल्यावर व धोक्यातील शिशूंना प्रतिबंधक औषध दिल्यावरच साथ आटोक्यात आली. पोटाच्या तक्रारींवर पुडीतून दिले जाणारे सॅक्रोमायसिस बोलार्डी हे किण्वही अत्यवस्थ रुग्णांत रक्तात उतरल्याची उदाहरणे आहेत. पुडी फोडताना उडालेली पूड हातांवरून वा हवेतून शिरेच्या नलिकेपर्यंत पोहोचते. युरोपीय औषध यंत्रणेच्या सुरक्षा-समितीने २०१७ मध्ये याचा पुनर्विचार केला. तेव्हापासून अत्यवस्थ, क्षीण प्रतिकारशक्तीच्या वा मध्यवर्ती शिरेत नलिका असलेल्या रुग्णांस ते देऊ नये, असा तेथे नियम झाला.

यावरून अरिष्टांपासून धोका आहे असा निष्कर्ष काढू नये. तसे माझे म्हणणे नाही. परंतु प्रत्येक फार्मसीने तीन गोष्टी कराव्यात. आपल्या संधानपात्रातील किण्वाची जाती वर्षातून एकदा तरी चांगल्या प्रयोगशाळेकडून ओळखून घ्यावी. गाळून मुरविलेल्या तयार अरिष्टात जिवंत किण्व किती उरते, हे प्रत्येक घाण्याच्या नमुन्यात तपासावे. चूर्णांमधील बुरशी व किण्व यांची मोजणी अहवालासाठी न करता स्वतःच्या समाधानासाठी करावी. पावसाळ्यात तर ती कसोशीने करावी.

आणखी एक गोष्ट जाहिरातींची. 'रक्तशुद्धी' या आपल्या पारंपरिक शब्दाचा अर्थ त्वचाविकारांच्या संदर्भात आपल्याला कळतो. परंतु 'रक्तातील सर्व प्रकारचे जंतू व बुरशी नष्ट करते' असे वेष्टनावर छापले की तो शब्द वेगळाच होतो. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत ज्या विकारांवरील औषधांची जाहिरात निषिद्ध आहे, त्यांत रक्तविषबाधेचाही समावेश आहे. कायद्याचा भाग क्षणभर बाजूला ठेवू. असे वेष्टन वाचून एखाद्याने दोन दिवस रुग्णालयात जाण्याचे टाळले, तर वर दिलेले १५, २४, ३७ व ४१ हे आकडे त्याच्या बाबतीत खरे होऊ शकतात.

वैद्याने काय करावे

दवाखान्यात येणाऱ्या तापाच्या रुग्णास चार प्रश्न अवश्य विचारावेत. अलीकडे अतिदक्षता विभागात वास्तव्य झाले होते काय? शिरेत अथवा डायलिसिससाठी नलिका आहे काय? पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली आहे काय? दीर्घकाळ प्रतिजैविके, स्टेरॉइड वा कर्करोगाची औषधे चालू आहेत काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल व ताप हटत नसेल, तर ज्वरघ्न योग देऊन वाट पाहू नये. रक्तसंवर्धनाची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी पाठवावे व चिठ्ठीत कारण स्पष्ट लिहावे.

रात्रपाळीस असणाऱ्या आपल्या तरुण बंधु-भगिनींनी 'बाटलीत यीस्ट' असा निरोप मिळताच तो सकाळपर्यंत ठेवू नये. वरिष्ठांस तत्काळ कळवावे, निरोपाची वेळ टिपावी, नलिका काढण्याचा प्रश्न उपस्थित करावा आणि जाती व संवेदनशीलता यांची मागणी लेखी नोंदवावी. पुढे रक्त पुन्हा तपासून ते निर्जंतुक झाल्याची खात्री होईपर्यंत व त्यानंतरही चौदा दिवस औषध चालू ठेवण्याची रीत आहे. डोळ्यांच्या पडद्यावर संसर्ग उतरला आहे काय, हेही पाहावे लागते. ताप उतरला म्हणून औषध थांबविण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरल्यास त्यांना समजावणे आपल्याकडेच येते.

आपल्यापैकी काही जण प्रत्येक खाजेवर फ्लुकोनाझोलची गोळी देतात आणि काही दुकानांतून ती चिठ्ठीवाचून मिळते. ट्रॉपिकॅलिस व पॅराप्सिलोसिस या जातींत भारतातही फ्लुकोनाझोलला प्रतिकार दिसू लागला आहे. ज्या औषधावर उद्या कोणाचा जीव अवलंबून असेल, ते आज निष्कारण वापरू नये. शिवाय ही गोळी वॉरफॅरिन, फेनिटॉइन व मधुमेहाच्या काही गोळ्या यांचा परिणाम वाढविते, हेही ध्यानी ठेवावे.

मग आयुर्वेदाचे काम कोठे उरते? पुष्कळ उरते. संसर्ग शमून घरी आलेला रुग्ण मंदाग्नी, बलक्षय व भयाने खचलेला असतो. बुरशीविरोधी औषधाचा क्रम पूर्ण झाल्यावर, रुग्णालयातील डॉक्टरांच्या माहितीने, यकृत व वृक्क यांच्या तपासण्या पाहून केलेली दीपन, पाचन व क्रमाक्रमाने बृंहण अशी योजना त्याला पुन्हा उभे करू शकते. मधुमेहावर पकड, प्रतिजैविकांचा अनाठायी वापर टाळणे, आहाराचे पथ्य यांद्वारे मूळ क्षेत्रच संसर्गास अननुकूल राखणे हे तर आपले रोजचे कार्य आहे. बीज ओळखण्याचे काम सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने करावे आणि क्षेत्राची निगा आपण राखावी, यात कोणाचाच कमीपणा नाही.

आपल्या संघटनेस माझी विनंती आहे की, प्रत्येक जिल्हा शाखेने वर्षातून एक दिवस जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात सदस्यांना न्यावे. अंकुरनलिका सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहावी, रंगीत माध्यमावरील जाती ओळखाव्यात, दोन-चार अहवाल एकत्र बसून वाचावेत. फार्मसीधारकांनी त्याच दिवशी आपल्या अरिष्टाचा नमुना सोबत न्यावा. एवढे केल्याने आपण सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होणार नाही. परंतु मध्यरात्री आलेला निरोप आपल्याला कळेल, नातेवाइकांच्या प्रश्नास आपण खरे उत्तर देऊ आणि ज्या रुग्णाचे प्राण काही तासांवर आहेत त्याचे तास आपल्या हातून वाया जाणार नाहीत.